साडेसहा गुंठे आणि एक भिंत

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या बारामती येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सांगितलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला हल्ली दुसरा विषय कुणी देत नाही. पण मी हट्टाने विषय बदलून घेतला आणि टेनिस घेतला. मी टेनिस खेळाडू नाही, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. खो-खोच्या संघातसुद्धा मला राखीव म्हणून घ्यायचे, आणि तेही जेवणाचे डबे सांभाळायला!

तरीही हा विषय घेतला, त्याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे आपल्या ग्रुपवर गेले तीन महिने चाललेला वाद. शाळेसाठी आपण निधी गोळा केला आहे. त्यातून चांगलं सिंथेटिक टेनिस कोर्ट बांधावं, आपल्या शाळेतून एक तरी मूल विम्बल्डनला जावं, असं काहींचं म्हणणं आहे. काहींना ही श्रीमंतांची हौस वाटते. दुसरं कारण म्हणजे इंदापूरकडच्या आपल्याच एका मैत्रिणीचा फोन. तिची मुलगी अकरा वर्षांची आहे, हात चांगला आहे, दोन स्पर्धांत चमकली आहे. मैत्रिणीने विचारलं, "आठवीनंतर शाळा सोडवून हिला पुण्याला अकॅडमीत टाकू का? तू आकड्यातली बाई आहेस, हिशोब करून सांग." ती आज इथेच बसली आहे, म्हणून नाव सांगत नाही. पण तो हिशोब मी तिच्यासाठी केला, आणि तो सगळ्यांपुढे मांडावासा वाटला.

हिशोब हवेत करता येत नाही, त्याला माणसं लागतात. मी आपल्या आसपासचीच दोन घेतली.

पहिला मानस धामणे. गाव सातारा. आपल्याकडून नीरा ओलांडली की फलटण आणि त्याच्यापुढे सातारा, म्हणजे शेजारचाच. जन्म डिसेंबर २००७ चा. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात एटीपी दर्जाची महाराष्ट्र ओपन स्पर्धा पाच वेळा झाली. तिच्या शेवटच्या वर्षी, जानेवारी २०२३ मध्ये, या मुलाला वाइल्ड कार्ड मिळालं. पंधरावं वर्ष पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला होता. समोर अमेरिकेचा मायकेल एममो, तेव्हा जगात ११५ वा. मानस २-६, ४-६ असा हरला. स्कोअर वाचून वाटेल, सरळ हरला की. पण दहावीच्या वयाचा मुलगा जगातल्या ११५ व्या माणसाकडून दुसऱ्या सेटमध्ये चार गेम घेतो, हे लक्षात घ्या. आपण त्या वयात प्रिलिमच्या पेपरला घाबरत होतो.

हा मुलगा सरावाला इटलीतल्या बोर्डिगेरा गावी, रिकार्डो पियाती यांच्या अकॅडमीत गेला. यानिक सिनर तेरा-चौदा वर्षांचा असताना डोंगरातलं घर सोडून याच अकॅडमीत आला होता. सिनर आज कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे. म्हणजे मानसला जागा चांगली मिळाली, गुरू चांगले मिळाले, लहान वयात नाव झालं. मग पुढे काय झालं? पुढे तेच झालं जे बहुतेकांचं होतं, आणि ते पेपरात छापून येत नाही. बालेवाडीच्या झगमगाटानंतर त्याला सर्वांत खालच्या पायरीवर जावं लागलं. ट्युनिशियात मोनास्तीर नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे जवळपास वर्षभर छोट्या व्यावसायिक स्पर्धा भरतात. प्रेक्षक नाहीत, टीव्ही नाही. तिथे २०२५ मध्ये, सतराव्या वर्षी, त्याने व्यावसायिक एकेरीचं पहिलं विजेतेपद मिळवलं. एममोविरुद्धच्या सामन्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळाने.

आता या पायरीचा हिशोब सांगते. ही माझ्या हातखंड्याची गोष्ट.

या सर्वांत खालच्या स्पर्धांना एम-१५ म्हणतात, कारण एकूण बक्षीस पंधरा हजार डॉलर. ते एकेरी आणि दुहेरीच्या सगळ्या खेळाडूंत वाटलं जातं. एकेरीच्या विजेत्याला साधारण २,१६० डॉलर मिळतात, म्हणजे एक लाख ऐंशी हजारांच्या घरात. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला साधारण १५६ डॉलर, म्हणजे तेरा हजार रुपये. समजा एखादा मुलगा वर्षात २५ आठवडे खेळला आणि दर वेळी पहिल्या फेरीत हरला, तर वर्षाची कमाई सव्वातीन लाख. त्यातून विमान, हॉटेल, जेवण, रॅकेटचं गटिंग, आणि प्रशिक्षक बरोबर नेला तर त्याचंही सगळं. ऊस लावून कारखान्याने पहिला हप्ता दिल्यावर खताचं बिल भागवणाऱ्या आपल्या लोकांना हे गणित वेगळं समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे पीक येईल की नाही हे दहा वर्षं कळत नाही.

आता गुण. एम-१५ जिंकलं की क्रमवारीचे १५ गुण मिळतात. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याला २,०००. जगातल्या पहिल्या शंभरात यायला साधारण सहाशेच्या आसपास गुण लागतात. पहिले शंभर महत्त्वाचे, कारण तिथवर पोचलं की ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळतो आणि घरखर्च निघायला लागतो. क्रमवारीत वर्षभरातल्या चांगल्यातल्या चांगल्या अठरा-एकोणीस स्पर्धाच धरतात. एकोणीस एम-१५ स्पर्धा लागोपाठ जिंकल्या, तरी होतात २८५ गुण. म्हणजे खालच्या पायरीवर कितीही जिंका, वरच्या पायरीवर जावंच लागतं, आणि तिथे पुन्हा हरण्यापासून सुरुवात.

आणखी एक गोष्ट. हे गुण कायमचे नसतात, ५२ आठवड्यांनी गळून पडतात. बँकेच्या पासबुकात गेल्या वर्षी याच आठवड्यात भरलेली रक्कम या आठवड्यात आपोआप वजा व्हावी, तसं. गेल्या वर्षी जिंकलात, तर यंदा त्याच आठवड्यात किमान तेवढंच मिळवा, नाहीतर खाली या. घोटा मुरगळून तीन महिने घरी बसलेल्या मुलाची क्रमवारी तो काहीही न करता घसरत राहते. सतरा वर्षांच्या पोराने हे सगळं डोक्यात ठेवून दुसऱ्या दिवशी हसतमुखाने सर्व्हिस करायची असते. मानस पुढे कितवा होईल मला सांगता येणार नाही. पण तो आज जिथे आहे तिथवर पोचणं किती अवघड आहे, हे आकडे मांडल्यावर मला कळलं, आणि त्या मुलाबद्दलचा माझा आदर वाढला.

दुसरी ऋतुजा भोसले. जन्म १९९६ चा. म्हणजे आपण दहावीचा निकाल हातात घेऊन पेढे वाटत होतो, त्या वर्षी ही जन्मली. मूळची श्रीरामपूरची. आपल्यासारखाच उसाचा, कारखान्यांचा आणि पाटाच्या पाण्याचा तालुका. ज्युनियर गटात चांगलं नाव झालं होतं, भारताकडून खेळत होती. तिच्यापुढेही तोच प्रश्न होता: आत्ताच पूर्णवेळ व्यावसायिक व्हायचं, की शिकायचं? तिने अमेरिकेत टेक्सस ए अँड एम विद्यापीठात प्रवेश घेतला आणि विद्यापीठाच्या संघातून खेळली.

हा रस्ता आपल्याकडे कमी लोकांना माहीत आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. अमेरिकेत १९७२ मध्ये एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलींशी भेदभाव करायचा नाही, हे त्याचं सार. त्यामुळे कॉलेजांना मुलींच्या खेळांवरही खर्च करावा लागला. ऋतुजा शिकत होती त्या काळच्या नियमाप्रमाणे, वरच्या श्रेणीतल्या कॉलेजच्या मुलींच्या टेनिस संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या, मुलांच्या संघाला साडेचार. आयुष्यात एक तरी ठिकाण असं आहे जिथे मुलीला मुलापेक्षा जास्त जागा आहेत, हे मी माझ्या आईला सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारून खात्री केली. मात्र या शिष्यवृत्तीला अट आहे. नववी ते बारावीचे ठरावीक विषय उत्तीर्ण असावे लागतात, त्यांचे गुण तपासले जातात. आठवीत शाळा सोडलेल्या मुलीसाठी हे दार जवळजवळ बंद होतं. मैत्रिणीला मी पहिली गोष्ट हीच सांगितली.

ऋतुजा शिकून परत आली आणि मग व्यावसायिक स्पर्धांच्या खालच्या पायऱ्यांवर घाम गाळू लागली. मार्च २०२० मध्ये दुबईत फेडरेशन कपसाठी भारताचा संघ गेला, त्यात सानिया मिर्झा आणि अंकिता रैना यांच्याबरोबर ती होती. त्या वेळी भारत पहिल्यांदाच प्ले-ऑफ फेरीत पोचला. आणि मग हांगझोऊ. ३० सप्टेंबर २०२३, आशियाई क्रीडा स्पर्धा, मिश्र दुहेरीचा अंतिम सामना. बरोबर ४३ वर्षांचा रोहन बोपण्णा, समोर तैवानची जोडी. पहिला सेट २-६ असा गेला. दुसरा ६-३ ने काढला आणि निर्णायक टायब्रेक १०-४ असा जिंकला. सुवर्णपदक! ऋतुजा तेव्हा २७ वर्षांची होती.

सत्तावीस. आपल्याकडे सोळाव्या वर्षी "आता काही होत नाही हिचं" म्हणणारे लोक असतात. मुलींच्या बाबतीत तर विसाव्या वर्षी स्थळं बघायला लागतात. ऋतुजा एकेरीत जगातल्या पहिल्या शंभरात गेलेली नव्हती. त्या दिवशी सकाळपर्यंत तिला नाक्यावरच्या कुणी ओळखलंही नसतं. पण पदवी हातात होती, खेळ चालू होता, आणि संधी आली त्या दिवशी ती कोर्टवर होती.

मराठी मुलीचं टेनिस काही काल-परवाचं नाही, हेही सांगून टाकते. १९३४ साली मुंबईच्या लीला राव विम्बल्डनमध्ये सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्यांची आई क्षमाबाई राव म्हणजे विद्वान शंकर पांडुरंग पंडित यांची कन्या. संस्कृतमध्ये लिहिणाऱ्या, आणि स्वतः टेनिस खेळणाऱ्या. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी एका मराठी घरात आई संस्कृत काव्य लिहायची आणि रॅकेटही हातात घ्यायची. "अभ्यास की खेळ" हा प्रश्न त्या घराने आपल्या पद्धतीने सोडवला होता.

आता कोर्टाच्या वादाकडे येते. त्यासाठी जरा लांब, स्वीडनला जाऊ.

१९८७ साली आपण पहिली-दुसरीत होतो. त्या वर्षी भारत डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत गेला होता. विजय अमृतराज, रमेश कृष्णन. अंतिम सामना स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला. स्वीडनने आपल्याला ५-० ने हरवलं. तेव्हा स्वीडनची लोकसंख्या होती ८४ लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या होती ९४ लाख. म्हणजे पुणे जिल्ह्यापेक्षा लहान देशाने अख्ख्या भारताला एकही सामना जिंकू दिला नाही. १९८३ ते १९८९ अशी सलग सात वर्षं तो देश डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत होता.

आणि हे खेळाडू राजधानीतल्या मोठ्या क्लबातून आले म्हणावं, तर तसंही नाही. मॅट्स विलँडर वेक्शोचा. १९८२ मध्ये सतराव्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकला. स्टेफान एडबर्ग वेस्टर्विकचा, इंदापूरसारखं छोटं गाव. १९८३ मध्ये ज्युनियर गटातल्या चारही ग्रँड स्लॅम त्याने एकाच वर्षात जिंकल्या. आणि या सगळ्यांच्या आधीचा बियाँ बोर्ग. त्याच्या वडिलांना टेबल टेनिसच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून टेनिसची रॅकेट मिळाली, ती त्यांनी पोराला दिली. पोरगा घराच्या गॅरेजच्या दारावर तासन् तास चेंडू मारत बसायचा. १९७४ मध्ये अठराव्या वर्षी त्याने फ्रेंच ओपन जिंकली. पुढे एकूण अकरा ग्रँड स्लॅम.

गावोगावी छोटे क्लब, थंडीत खेळायला बंदिस्त हॉल, आणि कुणालाही येऊन खेळता येईल अशी मोकळीक, हे त्या देशाचं भांडवल होतं. त्यांनी एकच चॅम्पियन घडवायचा म्हणून पैसा ओतला नाही. खूप मुलं खेळती ठेवली, त्यातून काही वर गेली. आणि तरीही त्याची खात्री नसते, हेही तिथेच दिसतं. पुरुष एकेरीत स्वीडनने शेवटची ग्रँड स्लॅम जिंकली ती २००२ मध्ये, थॉमस योहान्सनने. खुद्द बोर्गचा मुलगा लिओ व्यावसायिक टेनिस खेळतो. नाव आहे, घरात अकरा ग्रँड स्लॅम जिंकलेला बाप आहे. तरी बाविशीपर्यंत तो पहिल्या शंभरात पोचलेला नाही. बोर्गच्या घरात जे हमखास घडत नाही, ते आपण शाळेच्या निधीतून घडवू म्हणणं बरोबर नाही.

म्हणून कोर्टाबद्दल माझं म्हणणं असं आहे.

टेनिस कोर्टाची आखणी २३.७७ मीटर लांब आणि १०.९७ मीटर रुंद. भोवतीची पळायची जागा धरली तर साधारण ३६ बाय १८ मीटर. आपल्या भाषेत साडेसहा गुंठे. शाळेच्या मैदानातले साडेसहा गुंठे कुंपण घालून एका खेळाला दिले, तर तिथे एका वेळी चार मुलं खेळतील. उरलेली कुंपणाबाहेर उभी राहून बघतील. आणि ती चार मुलं कोण असतील? ज्यांच्या घरी गाडी आहे आणि जी संध्याकाळी सात वाजता घरी गेली तरी चालतात. भवानीनगर, बेलवाडी, लासुर्ण्याकडून एस.टी.ने येणाऱ्या मुली त्यात नसतील. आपल्या वेळी त्या बाजूच्या मुली शेवटच्या तासाला दप्तर भरून बसायच्या, कारण गाडी चुकली की घरी अंधार. आपल्या वर्गातली सगळ्यात वेगाने पळणारी मुलगी त्या गाडीनेच जायची. तिला आपण कधी जिल्ह्याच्या स्पर्धेत पाहिलं नाही.

मी सुचवते ती भिंत. मजबूत, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली, समोर सिमेंटचा कोबा. जमिनीपासून तीन फुटांवर एक पांढरी रेघ, कारण जाळी मध्यभागी तेवढीच उंच असते. वीस रॅकेट. चेंडू जुने चालतील. मोठ्या सामन्यांत नऊ गेम झाले की चेंडू बदलतात, त्यामुळे स्पर्धांतून आणि क्लबांतून वापरलेले चेंडू भरपूर निघतात. पुण्यातल्या आपल्या मित्रांनी ते गोळा करून पाठवायचे. भिंतीला जोडीदार लागत नाही, प्रशिक्षक नसला तरी ती चुकत नाही, आणि दोन्ही बाजूंनी मिळून दहा-बारा मुलं एका वेळी खेळू शकतात. उरलेल्या मैदानात खो-खो आणि कबड्डी चालूच राहील.

वेळ मात्र आपण ठरवून द्यायची. शाळा सुटल्यावरची नाही, शाळेच्या वेळातली. आठवड्यातून दोन तास फक्त मुलींसाठी. पी.टी.च्या सरांशी मी बोलले आहे, त्यांची हरकत नाही. दोन वर्षांनी मोजायचं. तीस मुलं नियमित येत असतील, तर कोर्ट बांधू, मीच पहिला हप्ता देईन. येत नसतील, तर भिंत हँडबॉलला आणि क्रिकेटच्या कॅचला उपयोगी पडेल, पैसे वाया जाणार नाहीत. निधीतला उरलेला भाग प्रवासासाठी राखून ठेवावा. तालुक्याला जिंकलेली मुलगी जिल्ह्याला जाण्यासाठी, जिल्ह्याची विभागाला जाण्यासाठी. खेळ कुठलाही असो. बरोबर एक बाई पाठवायचा खर्चही त्यातच. कारण मुलगी थांबते ती बऱ्याचदा तिकिटाच्या पैशांसाठी नाही, "बरोबर कोण जाणार" या प्रश्नावर थांबते.

राहिला मैत्रिणीचा प्रश्न. तिला मी असं सांगितलं: शाळा सोडवू नकोस. बारावीपर्यंत दोन्ही चालू दे, अमेरिकेचा रस्ता त्यामुळे उघडा राहील. मुलगी एखाद्या वर्षी हरायला लागली, तर लगेच प्रशिक्षक बदलू नकोस. पंधरा ते अठरामध्ये सगळेच हरतात. जमीन विकून खेळवू नकोस, कारण मग प्रत्येक सामन्यात मुलगी जमीन राखायला खेळेल. आणि दर वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू होताना, तिलाच विचार, "यंदा खेळायचंय का?" उत्तर तिचं हवं, आपलं नाही.

मैत्रीण म्हणाली, हे सगळं ठीक आहे, पण ती मोठी खेळाडू होईल का ते सांग. ते मला सांगता आलं नाही. मानसच्या किंवा ऋतुजाच्या आईवडिलांनाही ती अकरा वर्षांची असताना कुणी सांगू शकलं नसतं. आकड्यांवरून एवढंच म्हणता येतं की होण्याची शक्यता फार थोडी आहे. आणि जी मुलगी बारावीपर्यंत शिकत, पळत, हरत-जिंकत राहिली, तिचं नुकसान होण्याची शक्यता त्याहूनही थोडी आहे.

सर, बाई, तुम्ही आम्हाला मैदानावर सोडलंत, कधी छडीने तर कधी मायेने. त्यातून कुणी चॅम्पियन निघालं नाही, पण आज पंचेचाळिशीत गुडघे दुखत असतानाही निम्मी तुकडी सकाळी चालायला जाते, ती तुमच्यामुळे. भिंतीचा ठराव मी कागदावर लिहून आणला आहे. जेवणाआधी तो सगळ्यांनी वाचावा, पटला तर खाली सही करावी, नाही पटला तर जेवताना भांडू.